सत्तरीपुढच्या आई-वडिलांचे आयुष्मान कार्ड : इंदूरकरांनी काय करावे

रामबागेत, टिळकनगरात किंवा सुदामानगरात अशी अनेक मराठी घरे आहेत, जिथे आई-वडील सत्तरी ओलांडलेले आणि मुले नोकरीनिमित्त पुण्या-बंगळूरला असतात. अशा घरांनी आयुष्मान कार्डाचे काम आजारपण येण्याआधीच उरकावे. हे कार्ड ज्या योजनेचे, ती रुग्णालयातील उपचार मोफत देणारी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ साली सुरू झाली तेव्हा मुख्यतः गरीब कुटुंबांसाठी होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, ती खुली झाली.

सुरुवात आधार कार्डापासून करावी, कारण वय त्यावरच्या जन्मतारखेवरूनच ठरते. जुन्या पिढीत शाळेची तारीख एक आणि घरात सांगितलेली दुसरी, हा प्रकार नवा नाही. जन्मतारीख आधारवर साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून जन्माचा पुरावा हाती असल्याशिवाय दुरुस्तीला जाऊ नये. त्यानंतर आयुष्मान ॲपवर ओटीपी, बोटांचे ठसे किंवा चेहरा यांच्या आधारे ओळख पटवून नोंदणी करता येते. आधारला मुलाचा क्रमांक जोडलेला असेल, तर ओटीपी पुण्यात वाजेल. त्या वेळी त्याला फोनवर धरून ठेवावे. संपर्कासाठी मात्र घरचा, चालू असलेलाच क्रमांक द्यावा. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच क्रमांकाला जोडलेले आढळले होते, आणि असा क्रमांक दिलेल्या माणसाला निरोप कुठून पोहोचणार?

केंद्रीय कर्मचारी व निवृत्तांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल, तर ती किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडावी लागते. खासगी विमा मात्र ठेवता येतो. वर्षाचे पाच लाखांचे संरक्षण घरटी असते, म्हणजे पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून धरावे.

खरी अडचण रुग्णालयाच्या दारात येते. प्रत्येक खासगी रुग्णालय योजनेत नसते, आणि जे असते तेही सर्व विभागांसाठी असतेच असे नाही. म्हणून योजनेच्या १४५५५ या मदत क्रमांकावर फोन करून आपल्याला हव्या त्या विभागाचे नाव घेऊनच विचारावे, आणि नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, पूर्वमंजुरीची खात्री करून घ्यावी. शहरातले एमवाय हे सरकारी रुग्णालय तर हाताशी आहेच.

कार्ड भरतीच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाब-मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च त्यात धरलेला नाही. देशाच्या आरोग्यखर्चाचा सरकारी हिशेब असलेल्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला रुग्णांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी असली, तरी उरलेला वाटा दरमहा औषधांच्या दुकानात जाणवतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. तेव्हा गोळ्यांसाठी स्वस्त औषधांचे सरकारी जनऔषधी केंद्र गाठावे, पण डॉक्टरांकडून औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहून घेऊनच.

रुग्णालयातून घरी सोडताना पुढच्या पंधरा दिवसांची औषधेही योजनेतच धरलेली असतात. ती मागून घ्यावीत आणि बाहेरून विकत आणायला सांगितले, तर चिठ्ठी व पावती फाइलमध्ये लावून त्याच दिवशी १४५५५ वर तक्रार नोंदवावी.