घराण्याचं नाव नसताना रोममध्ये कॉन्सुल कसं व्हायचं

समजा साल आहे इ.स.पू. ६४. तुम्ही रोमचे नागरिक आहात, पुरुष आहात (बायकांना मत नाही, उभंही राहता येत नाही), पैसाअडका बरा आहे, पण खानदानात आजवर कोणी कॉन्सुल झालेलं नाही. अशाला तिथे 'नवा माणूस' म्हणायचे आणि ते काही कौतुकाने म्हणत नव्हते. कॉन्सुल म्हणजे निवडून येणाऱ्यांतलं थोरलं पद, दोघं जण असतात, मुदत एकच वर्ष, फौजही त्यांच्या हुकमात आणि सेनेटची बैठकही तेच बोलावणार. सिसेरो नावाच्या वकिलाच्या आधीची तीसेक वर्षं एकही नवा माणूस तिथवर पोचला नव्हता. सिसेरो पोचला, तेही वय भरल्या भरल्या पहिल्याच झटक्यात, म्हणून खालच्या बऱ्याच गोष्टी त्याच्याच प्रचारातून उचलल्यात. त्याचा धाकटा भाऊ क्विंटस, त्याच्या नावावर एक पत्रवजा टिपण आहे, भावाने भावाला दिलेले निवडणुकीचे सल्ले. आता ते खरंच क्विंटसने लिहिलं का नंतर कोणीतरी, यावर अभ्यासकांची अजून जुंपलेली असते, पण लिहिणाऱ्याला मतदार कळत होता हे नक्की.

आधी पायऱ्या चढा. हुकूमशहा सुल्लाने वयाच्या अटी पक्क्या करून ठेवल्यात: ३० ला क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी), ३९ ला प्रेटर (न्यायदान बघणारा), ४२ ला कॉन्सुल. दरवर्षी क्वेस्टर २०, प्रेटर ८ आणि कॉन्सुल फक्त २, म्हणजे वर जाताना गाळणी किती बारीक होत जाते बघा. मधे एडाइल नावाचं पद आहे, ते सक्तीचं नाही पण शहरातले खेळ-तमाशे त्याच्या हातात असतात म्हणून लोक घेतात. सीझरने इ.स.पू. ६५ ला एडाइल असताना ग्लॅडिएटरच्या ३२० जोड्या उतरवल्या आणि डोक्यावर डोंगराएवढं कर्ज करून घेतलं. तुमच्याकडे तेवढं उसनं घ्यायची पत नसेल तर सिसेरोचा रस्ता घ्या, वकिली. रोममध्ये वकिलाला फी घ्यायला इ.स.पू. २०४ पासून कायद्याने बंदी होती (आडून भेटवस्तू यायच्या, तो भाग वेगळा), त्यामुळे अशील पैशाने मोकळा होत नाही, तो उपकाराखाली राहतो, आणि अशी दहा-पंधरा वर्षांची उपकारांची वही प्रचाराच्या वर्षी उघडायची. त्या टिपणातला पहिला मोठा सल्ला हाच आहे की ज्यांच्यासाठी लढलात त्यांना आता स्पष्ट सांगा, आजवर काही मागितलं नाही, परतफेड करायची वेळ हीच.

आता गणित, आणि इथे नीट लक्ष द्या कारण बहुतेकांची समजूत इथेच चुकते.

कॉन्सुलच्या निवडणुकीत डोकी मोजत नाहीत, गट मोजतात. एकूण १९३ गट, प्रत्येक गटाचं आतल्या आत बहुमत ठरतं आणि मग त्या गटाचं एकच मत धरायचं. गट पाडलेत ते मालमत्तेवरून. घोडेस्वार वर्गाचे १८ गट, त्याच्याखाली श्रीमंतांचा पहिला वर्ग, त्याचे ७०. झाले ८८. बहुमताला लागतात ९७! म्हणजे वरचे लोक एकमताने आले तर दुसऱ्या वर्गाची मोजणी सुरू झाली न झाली तोच निकाल लागतो, आणि दोन्ही जागा भरल्या की मतदान तिथेच बंद, खालच्यांनी घरी जायचं. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही असे हजारो लोक, त्या सगळ्यांना मिळून एक गट, तोही रांगेत शेवटचा. त्यात भर म्हणजे प्रत्येक वर्गात तरुणांचे आणि वयस्कांचे गट सारखेच, पहिल्या वर्गात ३५ आणि ३५, आता ४६ च्या पुढची माणसं कमीच असणार ना, म्हणून म्हाताऱ्याचं मत तरुणाच्या मतापेक्षा जड. त्यामुळे 'भाकरी आणि तमाशा देऊन रोमचे गरीब विकत घेतले की झालं' हे जे आपण ऐकत आलोय ते कॉन्सुलच्या बाबतीत फारसं टिकत नाही, गरिबाच्या मतापर्यंत मोजणी पोचतच नाही बऱ्याचदा.

अजून एक बारकी गोष्ट. पहिल्या वर्गातल्या तरुणांच्या गटांतून एक गट चिठ्ठी काढून ठरवतात, तो सगळ्यात आधी मत देतो आणि त्याचा निकाल बाकीच्यांनी मत द्यायच्या आधीच जाहीर करतात! तो दैवी कौल समजला जायचा, हवा कुठली आहे ते सगळ्यांना कळायचं आणि बाकीचे गट त्या बाजूला झुकायचे. चिठ्ठी कोणाची निघेल हे आधी माहीत नाही, म्हणून एकाच भागात जोर लावून भागत नाही, पहिल्या वर्गाच्या सगळ्याच गटांत आपली माणसं पाहिजेत.

हे गट ३५ ट्राइबशी, म्हणजे नागरिकांच्या विभागांशी, जोडलेले आहेत आणि त्यातल्या शहरातल्या फक्त ४, बाकी ३१ ग्रामीण. शहरात बसून प्रचार करणारा इथेच हरतो. इ.स.पू. ९० नंतर इटलीभर नागरिकत्व मिळालंय, तेव्हा गावोगावच्या बऱ्यापैकी जमीनवाल्यांना गाठा, पहिल्या वर्गात सगळेच काही गर्भश्रीमंत नव्हते. सिसेरोने एका पत्रात लिहिलंय की मतदानात उत्तरेकडच्या गॉल प्रांताचं वजन बरंच दिसतंय, कोर्टाचं काम थंडावलं की काहीतरी सरकारी कामाचं निमित्त काढून सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत तिकडे चक्कर मारीन म्हणतो. स्वतःच्या निवडणुकीच्या वर्षभर आधी, इ.स.पू. ६५ च्या १७ जुलैला, दुसऱ्यांच्या मतदानाला जमलेल्या गर्दीत उतरून त्याने हात मिळवायला सुरुवात करायची ठरवली होती. तुम्हीही एवढे आधी लागा.

प्रत्यक्ष प्रचार

अंगावरचा टोगा (रोमन पुरुष गुंडाळायचे ते लांब वस्त्र) खडूने घासून पांढराफेक करून घ्या, उमेदवार लांबून ओळखू आला पाहिजे. शेजारी एक नोमेनक्लातोर ठेवा, हा गुलाम असतो आणि त्याचं काम एकच, समोरून येणाऱ्याचं नाव तुमच्या कानात सांगायचं म्हणजे तुम्ही अगदी जुनी ओळख असल्यासारखं नावाने हाक मारणार. धाकटा केटो म्हणजे तत्त्वाला चिकटलेला सेनेटर, त्याने एकदा नियमावर बोट ठेवून हा माणूस ठेवला नाही आणि सगळ्यांची नावं स्वतः पाठ केली. पुढे कॉन्सुलकीला उभा राहिला तर लोकांच्या मागे मागे फिरणं त्याला पटेना, मित्रांनाही फिरू देईना, साहजिकच पडला. तत्त्व वगैरे ठीक आहे पण तुम्हाला जिंकायचंय ना.

हात मिळवताना तोंड सांभाळा. स्किपिओ नासिका, बड्या घरचा पोरगा, एडाइलसाठी उभा होता. प्रचारात एका शेतकऱ्याचा हात हातात घेतला तर तो काम करून करून घट्टे पडलेला, राठ. हा हसून विचारतो, काय रे, हातांवर चालतोस की काय? आजूबाजूच्यांनी ऐकलं, बोलणं पसरलं, ग्रामीण ट्राइबना वाटलं आमच्या गरिबीला हसला, आणि एवढा घराणेदार उमेदवार त्या एका विनोदावर आपटला.

रोज पहाटे दार उघडं ठेवा. लोक सलाम करायला येतात, त्यातले निम्मे तुमच्या प्रतिस्पर्ध्याकडेही जाऊन आलेले असतात, टिपण म्हणतं तरी तोंडावर तसं दाखवू नका, उलट खास मानल्यासारखं वागा, दोन-तीनदा असं झालं की तो खराच तुमचा होतो. मग घरापासून फोरमपर्यंत (शहराच्या मुख्य चौकापर्यंत) सोबत चालणारी माणसं पाहिजेत, आणि दिवसभर मागे राहणारी वेगळी. शक्तिप्रदर्शन हे असंच होतं. मागे किती लोक चालवायचे यावर कायद्याची मर्यादाही होती, पण सिसेरो कोर्टात म्हणाला की गरिबाकडे उपकार फेडायला दुसरं आहे काय, एवढं मागे चालणं तरी त्याच्याकडून काढून घेऊ नका. वकील माणूस, कुठलीही गोष्ट गोड करून सांगणार.

आणि कोणी काम घेऊन आला तर 'नाही' म्हणू नका. टिपणात हे अगदी निर्लज्जपणे लिहिलंय: सरळ नकारापेक्षा गोड थाप लोकांना चालते, हो म्हणून ठेवा, पुढे कदाचित वेळच येणार नाही, आली आणि जमलं नाही तर चिडणारे थोडे, पण आधीच नकार दिलात तर चिडणारे आत्ताच आणि जास्त.

विरोधकांशी कायमचं वाकडं घेऊ नका. ज्या कॅटिलिनला सिसेरोने पुढे सत्ता उलथवायच्या कटावरून रोममधून पळवून लावलं त्याचीच केस लढवायचा विचार इ.स.पू. ६५ मध्ये सिसेरो करत होता, का तर सुटला तर प्रचारात जोडीला येईल. नाही जमलं. मग ६४ ला मतदानाच्या थोडेच दिवस आधी सेनेटमध्ये उभं राहून त्याने कॅटिलिन आणि अँटोनियस या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना धुतलं. आणि निवडून कोण आले, तर सिसेरो आणि तोच अँटोनियस, वर्षभर एकत्र काम.

भिंती रंगवायची हौस असेल तर त्याचे नमुने पॉम्पेईला बघा. ते बरंच नंतरचं, बादशाही आल्यावरचं, पण गावपातळीवर निवडणुका चालू होत्या आणि इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली हजारोंनी घोषणा जशाच्या तशा राहिल्या. 'ज्युलियस पॉलिबियसला एडाइल करा, चांगला पाव आणतो.' फळवाले, खेचरवाले, सोनार यांच्या नावाने पाठिंबे आहेत, मत नसलेल्या बायकांच्या नावानेही आहेत. वाटिया नावाच्या उमेदवाराला 'रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या समस्त मंडळींचा पाठिंबा' आहे, हे बहुतेक कोणीतरी त्याची उडवायला लिहिलंय. रंगारी रात्री काम करायचे, एका ठिकाणी रंगवता रंगवता लिहून ठेवलंय, ए दिवेवाल्या, शिडी धर.

पैसे

वाटू नका असं सांगून मी साधूपणा करणार नाही पण पद्धत समजून घ्या. दिविसोर नावाची माणसं ट्राइबनिहाय वाटप करतात, काम होईपर्यंत रक्कम तिसऱ्याच माणसाकडे ठेवलेली असते, म्हणजे मतदार फसायला नको आणि उमेदवारही. इ.स.पू. ५४ मध्ये चार उमेदवारांनी एवढा पैसा उचलला की १५ जुलैला रोममधलं व्याज वर्षाला ४ टक्क्यांवरून एकदम ८ वर गेलं. ती निवडणूक लांबत लांबत कॉन्सुल मिळायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. सिसेरोने स्वतः कॉन्सुल असताना कायदा केला, लाच दिली तर १० वर्षं हद्दपार, आणि उभं राहायच्या आधीच्या दोन वर्षांत ग्लॅडिएटरचे खेळ भरवायचे नाहीत.

मतदानाचा दिवस

अर्ज द्यायला स्वतः शहरात हजर राहा आणि वेळेत या. इ.स.पू. ६० ला सीझर स्पेनहून विजय मिळवून आला, मिरवणूक पाहिजे तर फौजेसकट शहराबाहेर थांबावं लागतं आणि अर्ज भरायला तर आत यावं लागतं, सवलत मागितली ती केटोने बोलत बोलत दिवस घालवून मोडीत काढली. सीझरने मिरवणुकीवर पाणी सोडलं आणि अर्ज भरला. बरोबर केलं.

मतदान शहराच्या वेशीबाहेर, मार्स देवाच्या मैदानात. गटागटाला दोरखंड-लाकडाच्या कुंपणात उभं करतात, लोक त्याला मेंढवाडाच म्हणायचे. प्रत्येकाने एका अरुंद फळीवरून चालत जायचं, मेण लावलेल्या पाटीवर नावं लिहायची आणि टोपलीत टाकायची. इ.स.पू. १३९ पासून मत गुप्त झालं, तरी फळीवर उभं राहून लोक डोकावायचेच, म्हणून ११९ मध्ये मारियसने त्या फळ्याच अरुंद करून टाकल्या. एकावेळी एकच माणूस जाईल, शेजारी उभं राहून बघायला जागाच नाही.

कडक ऊन असलं तरी आकाशाकडे लक्ष ठेवा. मतदान घेणाऱ्याला अपशकुन दिसला तर सभा बरखास्त. इ.स.पू. ५५ ला केटो प्रेटरला उभा होता, पहिलंच मत त्याच्या बाजूने पडलं आणि मतदान घेणारा पॉम्पी म्हणाला, मला गडगडाट ऐकू आला. सभा संपली, पुन्हा घेतली तेव्हा केटो पडला. यावर उपाय एकच, मतदान घेणारा कॉन्सुल आपल्याला निदान शत्रू तरी मानणारा नसावा, ही फिल्डिंग वर्षभर आधी लावावी लागते.

हरायची चिन्हं दिसली तरी चेहऱ्यावर आणू नका. इ.स.पू. ६३ ला सुल्पिकियस नावाचा नामांकित कायदेपंडित उभा होता, प्रचार सोडून प्रतिस्पर्धी मुरेनाच्या लाचखोरीचे पुरावे गोळा करत बसला, मतदारांनी ओळखलं की याने आधीच आशा सोडली, आणि निवडून आला मुरेना, त्याच्या जुन्या पलटणीतले सैनिकही नेमके त्या वेळी रोममध्ये होते. सुल्पिकियसने मग केटोला बरोबर घेऊन मुरेनावर खटला भरला, त्याच नव्या कायद्याखाली. तुमच्यावरही अशी वेळ आली तर वकील चांगला बघा. मुरेनाने ज्याने तो कायदा केला त्यालाच उभं केलं. सिसेरोने केटोच्या तत्त्वनिष्ठेची कोर्टात इतकी मजा उडवली की लोक हसायला लागले, आणि शहरात कॅटिलिनचा कट चालू असताना १ जानेवारीला खुर्ची रिकामी ठेवणार का असं ज्युरींना विचारलं. मुरेना सुटला आणि १ जानेवारीला कॉन्सुल म्हणून रुजू झाला.