व्हेन दिसलं की ॲडव्हर्ब क्लॉज? मीही तेच समजायचो

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करत होतो, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा माझा एक लाडका नियम होता. व्हेन, व्हेअर, इफ दिसलं की ॲडव्हर्ब क्लॉज (क्रियाविशेषणाचं काम करणारं उपवाक्य). हू, विच दिसलं की ॲडजेक्टिव्ह (विशेषणाचं काम करणारं). दॅट दिसलं की नाऊन (नामाचं काम करणारं). एका सराव पेपरात क्लॉजचे सहा प्रश्न या नियमाने सोडवले आणि पाच चुकले. चार चुकांना एका बरोबर उत्तराचे गुण वजा, म्हणजे कोरे सोडले असते तरी बरं.

शेजारच्या खुर्चीवरचा परभणीचा मित्र पेपर बघून म्हणाला, "अरे, आधी मराठीत म्हणून तर बघ."

म्हणून बघितलं. "आय डोन्ट नो व्हेन ही विल कम": तो कधी येईल मला माहीत नाही. "आय वॉज कुकिंग व्हेन ही केम": जेव्हा तो आला तेव्हा मी स्वयंपाक करत होतो. "आय रिमेंबर द डे व्हेन ही केम": ज्या दिवशी तो आला तो दिवस मला आठवतो. इंग्रजीत तिन्हीकडे व्हेनच, मराठीत मात्र तीन वेगळे शब्द. कधी, कुठे, कोण असा 'क' आला तर बहुधा नाऊन क्लॉज. 'ज' आला आणि त्याला नाम चिकटलं (ज्या दिवशी, ज्या घरात) तर ॲडजेक्टिव्ह. नुसतं जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जर-तर आलं तर ॲडव्हर्ब. इफचंही तसंच: "तो येईल का ते विचार" नाऊन, "तो आला तर सांग" ॲडव्हर्ब.

पण ही युक्ती डोळे मिटून वापरू नका, दोन ठिकाणी मी तोंडावर आपटलोय. "व्हॉट ही सेड वॉज ट्रू" म्हणजे "तो जे बोलला ते खरं होतं". इथे 'ज' असूनही नाऊन क्लॉज आहे, कारण खरं काय होतं, तर तो अख्खा तुकडा. त्याच्या जागी नुसतं इट ठेवलं तरी वाक्य चालतं. दुसरं, "ही वॉज सो टायर्ड दॅट ही स्लेप्ट", म्हणजे "तो इतका दमला होता की झोपला". मराठीत "तो म्हणाला की..."सारखा 'की' येतो म्हणून मी नाऊन ठोकलं. 'की'च्या आधी 'इतका' आहे का ते बघायचं. असेल तर तो परिणाम सांगणारा ॲडव्हर्ब क्लॉज.

परीक्षेत सगळ्यात जास्त फसवतं ते नामानंतरचं दॅट. "द न्यूज दॅट ही वन" आणि "द न्यूज दॅट ही टोल्ड मी". पहिलं म्हणजे "तो जिंकला ही बातमी": बातमीच ती, म्हणून नाऊन. दुसरं म्हणजे "त्याने जी बातमी सांगितली ती": कोणती बातमी, म्हणून ॲडजेक्टिव्ह. खात्री हवी असेल तर दॅटच्या जागी विच घाला. दुसऱ्यात बसतं, पहिल्यात बसत नाही.

या भानगडीतून एक गोष्ट फुकटात सुधारली. वेळ सांगणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्याबद्दल बोलतानाही साधा वर्तमानकाळ येतो, विल येत नाही. 'कधी'वाल्या नाऊन क्लॉजमध्ये मात्र विल चालतं. "आय विल कॉल यू व्हेन ही विल कम" हे चुकीचं वाक्य (हवं होतं "व्हेन ही कम्स") मी पदवीपर्यंत बेधडक लिहीत आलो होतो.