भोसरीत स्वतःचं मशीन टाकताय? आधी पेमेंटचं बघा

डिप्लोमा नाहीतर आयटीआय करून पाच-सात वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये सेटर म्हणून काढली की डोक्यात किडा वळवळायला लागतोच, आपलं पण एक व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) असावं. मी भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे करून द्यायचं, छोटं शॉप चालवतो, त्यामुळं गुरुवारी (आमच्याकडं सुट्टी गुरुवारचीच) टपरीवर कोणी ना कोणी गाठतंच आणि पहिला प्रश्न ठरलेला, दादा मशीन नवीन घेऊ का सेकंडहँड? मी म्हणतो मशीनचं नंतर बघू रे, तुला काम देणारा पैसे किती दिवसांनी देतो ते आधी सांग. काम नाही म्हणून बंद पडलेले गाळे मी कमी बघितलेत, काम ढीगभर आणि पैसे बाहेर अडकलेले म्हणून बंद पडलेले जास्त.

आधी रेटचं बोलू, कारण सगळं गणित तिथून सुरू होतं. समजा २५ लाखांचं कर्ज काढलं, ५ वर्षं, साडेदहा टक्के, तर हप्ता ५३-५४ हजार बसतो. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर ४० हजार धरा, गाळ्याचं भाडं २०, लाईट १५, इन्सर्ट (कटिंगची पाती), कूलंट, मेंटेनन्स मिळून २०. म्हणजे महिन्याला दीड लाखाच्या आसपास, आणि यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही. आता नवीन माणूस काय करतो, २५ दिवस गुणिले १६ तास म्हणजे ४०० तास, भागिले की आले ३७५ रुपये तासाला, त्यावर थोडे चढवून ४५० ने कोटेशन टाकतो आणि खूश. पण मशीन ४०० तास कधीच कटिंग करत नाही. सेटिंग बदलायचं, फर्स्ट पीस क्वालिटीकडून पास होईपर्यंत थांबायचं, मटेरियल आलं नाही, ऑपरेटर गावाला गेला तो आलाच नाही... हातात २८० तास आले तरी चांगले म्हणायचे. २८० ने भागा, खर्चच ५३५ च्या वर जातो. म्हणजे ४५० ने काम घेतलं तर जितकं जास्त काम तितका जास्त तोटा, आणि ते कळायला वर्ष जातं कारण मशीन तर दिवसरात्र चालू दिसतं.

आता उधारी. पीओवर (कंपनीच्या खरेदी ऑर्डरवर) ४५ दिवस लिहिलेलं असतं, हातात ९० दिवसांनी येतात. महिन्याला दोन लाखांचं बिल असेल तर कायम सहा लाख बाहेर. हप्ता, पगार, लाईटबिल यातलं कोणी ९० दिवस थांबत नाही. वर जीएसटी, तो बिल फाडलं की लागू, पैसे आलेत का नाही ते सरकार बघत नाही, मंथली रिटर्न भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुमच्या खिशातून जातो. आणि ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) भरला नाही तर कस्टमरच्या २बी मध्ये (त्यांना कुठल्या बिलांवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळणार ती यादी) तुमचं बिल दिसत नाही, मग त्यांच्या अकाउंट्सवाल्याला पेमेंट थांबवायला आयतं कारण मिळतं. सीएची फी वाचवायला जाऊन हा घोळ घालू नका.

कायदा तसा आपल्या बाजूनं आहे. उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) फुकट होतं, आधारवर ऑनलाइन, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार द्यायची गरज नाही. पण ते काम घेण्याआधी करा. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ चा, त्यात लेखी करार असेल तर पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस, त्यापुढं बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता खरं सांगायचं तर चालू कस्टमरवर समाधान पोर्टलला (अडकलेल्या पेमेंटच्या तक्रारीचं सरकारी पोर्टल) केस टाकायला कोणी धजत नाही, केस टाकली की पुढचा पीओ बंद. त्यामुळं खरा फरक पडला तो इन्कम टॅक्सच्या ४३बी(एच) नं. मायक्रो-स्मॉलवाल्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येतो. २०२४ च्या मार्चच्या आधी अकाउंट्समधून मेलवर मेल, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा म्हणून! एरवी फोन न उचलणारी माणसं. तेव्हापासून मार्चमध्ये वसुली जरा सोपी जाते.

पण हे दिवस मोजायचे कुठून, तर माल स्वीकारल्यापासून. आणि माल दिल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर तो डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. म्हणून चलनाच्या आपल्या कॉपीवर गेटचा शिक्का, तारीख आणि सही पाहिजेच. टेम्पोवाला घाईत असतो, सिक्युरिटीवाला नंतर या म्हणतो, तरी हटायचं नाही. तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. एका पार्टीनं आम्हाला तीन महिन्यांनी डेबिट नोट (बिलातून पैसे कापायची) पाठवली, बोअर ओव्हरसाईज, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं, म्हणून. तारखेचं चलन आणि आमचा इन्स्पेक्शन रिपोर्ट दोन्ही पुढं ठेवल्यावर विषय संपला.

कस्टमर मोठा असेल तर ट्रेड्सबद्दल (TReDS, बिलावर बँकेकडून आधीच पैसे मिळवायचं ऑनलाइन प्लॅटफॉर्म) विचारा. २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची केलीय. कंपनीनं तिथं बिल मान्य केलं की बँक डिस्काउंट कापून पैसे लगेच देते, आणि नंतर कंपनीनं बुडवले तरी वसुली तुमच्यामागं येत नाही. अडचण एवढीच की नोंदणी करून बिलं मान्यच न करणाऱ्या कंपन्याही आहेत.

कर्जासाठी मुद्रा, पीएमईजीपी, अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना, सगळं आहे, माहिती सहज मिळते. एवढंच लक्षात ठेवा की पीएमईजीपीची सबसिडी हातात येत नाही, तीन वर्षं तुमच्या नावानं बँकेत अडकून राहते, तिच्या भरवशावर मटेरियल आणायला जाऊ नका. हप्त्याशिवाय चार महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर अजून वर्षभर नोकरी करा.

आणि नवीन माणसानं ऑटोच्या मोठ्या लॉटमागं लागूच नये असं माझं मत. तिथं पैशा-पैशावर रेट तुटतो आणि दरवर्षी उलट कमी करून मागतात. त्यापेक्षा एसपीएमवाले (एकाच कामासाठी खास मशीन बनवणारे), पॅकेजिंग मशीनवाले, फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायची साधनं) बनवणारे शोधा. चार-पाच पीसचं काम असतं, ड्रॉइंग अर्धवट असतं, डोकं लावावं लागतं म्हणून मोठी शॉप्स ते घेत नाहीत. ब्रेकडाऊनचा पार्ट असेल तर रात्री अकराला फोन येतो, सकाळी द्यायचा असतो आणि तिथं रेटवर कोणी घासाघीस करत नाही, लाईन बंद असते ना. अर्धा अॅडव्हान्स मागितला तर देतात. पहिल्या दोन वर्षांत निम्मं तरी काम असं ठेवा. आणि एकाच कंपनीचं काम साठ-सत्तर टक्क्यांवर जायला लागलं की लगेच दुसरं दार शोधा, कितीही चांगली पेमेंट देणारी असली तरी.