पार्टनर संस्थांबरोबरचा प्रोजेक्ट घेताय? आधी विचारा पैसा कुणाच्या खात्यात पडणार

एमएसडब्ल्यू करून नुकतेच बाहेर पडलेले बरेच जण विचारतात की ताई, नेटवर्क प्रोजेक्टमध्ये कोऑर्डिनेटरची जागा निघालीय, घेऊ का. घ्या. पण आधी माझं ऐका, कारण मी 2021 मध्ये अशीच एक जागा घेतली आणि दीड वर्षात दोन चांगल्या चालत्या संस्था खिळखिळ्या करून ठेवल्या, आणि प्रोजेक्टचं नाव काय तर संस्था सक्षमीकरण.

लीड संस्था फंडरकडून, म्हणजे पैसे देणाऱ्याकडून, पैसा आणते, गावातल्या छोट्या पार्टनर संस्था काम करतात, दोघींमधला लेखी करार म्हणजे एमओयू, आणि दर तिमाहीला रिपोर्ट, बाकी तपशिलात वेळ घालवत नाही. आमच्याकडे धाराशिव आणि लातूर मिळून सहा पार्टनर होत्या, बहुतेक 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या. भूकंपानंतर बाहेरून मोठमोठ्या संस्था आल्या, त्यांच्याबरोबर गावातल्या बायांनी आणि शाळामास्तरांनी काम केलं, त्या गेल्या आणि मग ह्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या. दोन खोल्यांचं ऑफिस, एक कपाट, भिंतीवर सावित्रीबाई, आणि गावात शब्दाला वजन. ते वजन कुठल्या बजेटमध्ये लिहिलेलं नसतं, पण प्रोजेक्ट सगळा त्याच्यावरच चालतो हे मला फार उशिरा कळलं.

मी एसटीनं सहाही ठिकाणी गेले आणि प्रत्येकाला तोंडानं सांगून आले की दर तिमाहीला तुमच्या खात्यात पैसे येतील, त्यातून एक कार्यकर्ती ठेवा, ऑफिसचं भाडं भरा. एमओयू पण मीच टाइप केला. टाइप कसला, 2017 ची जुनी फाइल होती, तिच्यात नावं आणि तारखा बदलल्या. आमच्या एका सीनियर दादांना विचारलं होतं बरं का. ते म्हणाले, "पैसा बाहेरचा आहे, पण पार्टनरकडे एफसीआरए आहे ना? मग झालं की." एफसीआरए म्हणजे परदेशी पैसा घ्यायची सरकारी नोंदणी, ती सहापैकी चौघांकडे होती. मी निवांत.

ऑगस्टमध्ये सीएंचा फोन आला. "मॅडम, हे ट्रान्सफरचं कुणी ठरवलं?"

तर आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. 2010 च्या एफसीआरए कायद्यात कलम 7 आहे. आधी काय होतं, की तुम्हाला आलेला परदेशी निधी तुम्ही दुसऱ्या एफसीआरए नोंदणीवाल्या संस्थेला देऊ शकत होता. वर्षानुवर्षं सगळी नेटवर्कं ह्यावरच चालली, एक मोठी संस्था पैसा आणायची आणि खाली छोट्या संस्थांना वाटायची. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनं ते बंद झालं. कुणालाच द्यायचा नाही. पार्टनरकडे नोंदणी असली तरी नाही, थोडेसेच आहेत तरी नाही, ॲडव्हान्स म्हणून टाकले तरी नाही, फंडरनं लेखी मंजूर केलं तरी नाही. फंडरच्या मंजुरीचा आणि ह्या कलमाचा काही संबंध नाही, हे सीएंना मला तीन वेळा समजावून सांगावं लागलं, कारण मी सीएंना परत परत तेच मंजुरीचं मेल पाठवत होते! पार्टनरला परदेशी पैसा हवाच असेल तर तिची स्वतःची नोंदणी पाहिजे, स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मेन ब्रँचमध्ये तिचं स्वतःचं खातं पाहिजे, आणि फंडरनं पैसा थेट तिथे टाकला पाहिजे. आमच्या फंडरला वेगवेगळे करार करायचेच नव्हते. लीड संस्था हवी असते ती त्यासाठीच. चूक झाली तर नोंदणी जाऊ शकते, म्हणजे प्रोजेक्ट नाही, अख्खी संस्था जाते. त्याच दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा पण 50 टक्क्यांवरून 20 वर आली, तो वेगळा ताप, पण तो निदान हिशेबात दिसतो तरी.

दादांचा दोष नाही म्हणा. त्यांना माहीत होतं ते 2020 पर्यंत खरंच होतं. पण आपल्या क्षेत्रात एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, चळवळीतून आलेले मोठे लोक तोंडभर सांगतात की कागदाच्या मागे लागू नकोस, माणसांत जा. आणि त्यांचे कागद कोण करतं? कोपऱ्यात बसलेला अकाउंटंट, ज्याला मीटिंगला कुणी बोलवत नाही. तुम्ही नवीन असाल तर पहिला चहा त्या अकाउंटंटबरोबर प्या. दादा-ताईंचा आदर ठेवा, फक्त कायद्याचं त्यांना विचारू नका.

बरं, मग आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. कार्यकर्त्या आमच्या पेरोलवर घेतल्या, भाडं थेट घरमालकाला, स्टेशनरीचं बिल थेट दुकानदाराला. सीए म्हणाले ठीक आहे. ऑडिटमध्ये एक शेरा नाही. मी खूश.

खरी वाट इथेच लागली, आणि ही कुठल्या ऑडिटमध्ये दिसत नाही.

लोहारा तालुक्यातल्या एका संस्थेच्या काकू होत्या. भूकंपापासून काम करणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनीच निवडलेली, त्यांनीच घडवलेली एक मुलगी आमच्या पेरोलवर आली. नेमणूकपत्र आमचं, आयकार्डवर लोगो आमचा, हजेरी आमच्या ॲपवर, रजा माझ्याकडे मागायची. गावातले लोक तिला लातूरच्या संस्थेच्या मॅडम म्हणायला लागले. काकूंच्या संस्थेच्या दुसऱ्या कार्यकर्तीला महिन्याला सहा हजार आणि हिला चौदा, त्यावरून दोघींचं बोलणं बंद. मग जानेवारीत काकूंनी तिला सांगितलं की 26 ची ग्रामसभा आहे, पाण्याच्या टाकीचा विषय लावून धरायचाय, बाया घेऊन ये. ती म्हणाली, "मॅडमना विचारून सांगते."

मॅडम म्हणजे मी. आणि मी काय सांगितलं? 31 पर्यंत बेसलाइनचे, म्हणजे सुरुवातीच्या पाहणीचे, फॉर्म पूर्ण करायचेत, ते आधी कर.

काकू मला काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी गेले तेव्हा चहा दिला, आणि जुनं हजेरी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. आमच्या पेरोलवर आल्यापासून तिच्या नावासमोर सगळे रकाने कोरे. "ही आता आमची नाही म्हणून गैरहजेरी पण लावता येत नाही," एवढंच म्हणाल्या. प्रोजेक्टचा पहिला टप्पा संपल्यावर त्या मुलीला आम्ही लातूरला घेतलं आणि मी स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले की चांगली मुलगी मिळाली आपल्याला. आज आठवलं की लाज वाटते.

आता कुणी म्हणेल की मग देशी पैसा आणा, सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा, आणा. आणा, पण त्याचेही खड्डे आहेत. कंपनीकडून पैसा घ्यायचा तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 ची नोंदणी लागते, 12ए आणि 80जी ह्या आयकर खात्याच्या नोंदण्या आणि सहसा तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. आणि एका ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिली तर 2023 च्या फायनान्स ॲक्टनंतर आयकराच्या हिशेबात त्यातले 85 टक्केच खर्च म्हणून धरतात, म्हणजे दहा लाख पुढे दिले तर हिशेबात साडेआठच. तुमचा करार देणगीत बसतो की कामाच्या मोबदल्यात, हे सही करायच्या आधी सीएंना विचारा. सही झाल्यावर सीए फक्त उसासा टाकतात.

काकूंच्या संस्थेचं तर इथपर्यंत पण आलं नव्हतं. पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या रजिस्टरचा, उतारा काढला तर विश्वस्त सात, त्यातले तीन वारलेले. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, तो पंधरा वर्षांत एकदाही टाकलेला नाही. कोण टाकणार? वकिलाची फी कुठल्या प्रोजेक्टमध्ये बसते? आमच्या बजेटमध्ये "क्षमता बांधणी" खाली तीन दिवसांची निवासी ट्रेनिंगं होती, फ्लिपचार्ट, आइसब्रेकर, ग्रुप फोटो. माझं स्पष्ट मत आहे की त्यातली निम्मी रद्द करून तो पैसा चेंज रिपोर्टच्या वकिलाला द्यावा. दुसऱ्या टप्प्यात भांडून भांडून आम्ही ते केलं, देशी पैशातून, आणि शिवाय बँकेतून रिटायर झालेले एक काका ठेवले जे महिन्यातून एक दिवस प्रत्येक संस्थेत जाऊन नुसते बसायचे. व्हाउचर लावायचे, पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प आहे का बघायचे, कॅशबुक त्यांच्याच माणसाकडून लिहून घ्यायचे, स्वतः लिहायचे नाहीत. वर्षभरात दोन संस्थांचं सीएसआर-1 झालं आणि त्यांना कंपनीकडून थेट पैसा आला, आमचा हात न लागता. तेव्हा आमच्याच ऑफिसात काहींची तोंडं उतरली, तेही सांगून ठेवते.

घाबरू नका एवढं सगळं ऐकून. ही कलमं वगैरे दोन महिन्यांत अंगवळणी पडतात, मी बीएला इतिहास घेतलेली मुलगी आहे, मला जमलं. इंटरव्ह्यूला गेलात की तुम्हीच दोन गोष्टी विचारा: पैसा कुणाच्या खात्यात येतो, आणि गावातल्या कार्यकर्तीच्या नेमणूकपत्रावर सही कुणाची. दुसऱ्याचं उत्तर "आमची" असलं तरी लगेच उठून येऊ नका, कधीकधी कायद्यानं दुसरा मार्गच नसतो. पण मग रजा, कामाचा दिवस आणि ग्रामसभा ह्यावर शब्द पार्टनरचाच चालेल असं एमओयूत लिहून घ्या, आणि एमओयू स्वतः लिहा. जुनी फाइल उघडू नका. एआयकडून पण काढून घेऊ नका, ते फार गोड लिहितं आणि कलम 7 गाळतं, मी बघितलंय.

काकूंचा चेंज रिपोर्ट मंजूर व्हायला चौदा महिने लागले. मुलगी लातूरलाच आहे, तिला परत जायचं नाहीये आणि मी तिला सांगायची कोण? काकूंनी नवीन एक पोरगी धरलीय, बारावी झालेली, फार बोलते म्हणतात. तिला परवा 10बीडी, म्हणजे देणगीदारांच्या यादीचा आयकराचा फॉर्म, शिकवायला बसले होते, 31 मे जवळ आलाय, तीन देणगीदारांचे पॅन अजून यायचेत आणि त्यातले एक गृहस्थ फोनच उचलत नाहीत.