उत्तर १७.०८ येतंय, २० का नाही?

भाचीचं त्रिकोणमितीचं गणित अडलं होतं. झाडापासून २० मीटरवर उभं राहिल्यावर शेंड्याचा उन्नत कोन ४५°, तर उंची किती? टॅन ४५ म्हणजे १, त्यामुळे उत्तर २० मीटरच यायला हवं. कॅल्क्युलेटर मात्र १७.०८ वर अडून बसलेला. सूत्र बरोबर, आकडेही बरोबर.

आधी वाटलं, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं माप) असेल. पण तसं असतं तर ३२.४ आलं असतं. मग स्क्रीनच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत ‘ग्रॅड’ दिसलं. या मापात काटकोनाचे १०० भाग करतात, म्हणजे त्यातले ४५ हे आपले ४०.५ अंश! (शाळेत हे माप कोण वापरतं देव जाणे.) कोनाचं माप बदलणारं ‘डीआरजी’चं बटण एकदा दाबलं, ‘डेग’ (म्हणजे अंश) आलं, उत्तर २०.

रेडियन निदान लगेच पकडला जातो, साइन ३० चक्क उणे ०.९८८ दाखवतो. ग्रॅडमध्ये तेच ०.४५४ येतं. ०.५ च्या इतकं जवळ, की घाईत शंकाही येत नाही. आता भाची गणिताला हात लावण्याआधी साइन ३० दाबून बघते, ०.५ दिसलं तरच पुढे.