'गेट' दिसलं की पुढचा शब्द बघा

इंग्रजी वाचताना 'गेट' (get) हे क्रियापद आलं की शब्दकोशातल्या अर्थांची रांग चाळावी लागते, तरी वाक्य लागत नाही. खुद्द 'गेट'कडे बघूच नका. त्याच्यामागून काय येतंय ते बघा.

१. नाम आलं, 'गेट अ लेटर': मिळणे किंवा आणणे.

२. विशेषण आलं, 'गेट टायर्ड': होणे. 'दमणे' असं एकाच क्रियापदात बसलं तर उत्तमच.

३. 'टू' आणि ठिकाण: पोहोचणे. 'होम'च्या आधी मात्र 'टू' नको, 'गेट टू होम' ही आपली हमखास चूक.

४. 'टू' आणि क्रियापद: 'वी गॉट टू सी द सी', म्हणजे समुद्र पाहायला मिळाला.

५. 'गेट' आणि पुढचं क्रियापद यांच्यामध्ये माणूस किंवा वस्तू घुसली तर 'करून घेणे'. 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे मी त्याच्याकडून सही करून घेतली. 'आय गॉट माय हेअर कट' यातही तेच, केस कापून घेतले. मराठीत हे इतकं चपखल बसतं, तरी शाळेत कुणी सांगत नाही!

एक सांभाळा: 'हॅव गॉट' असं जोडून आलं आणि पुढे नाम किंवा 'टू' असेल तर बहुधा हे नियम लागत नाहीत. 'आय हॅव गॉट अ पेन' म्हणजे माझ्याकडे पेन आहे, इतकंच. आणि 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जायलाच हवं.