खाडीवर पक्षी पाहायचे? आधी तिथी पाहा

ठाणे खाडीवर पहाटे पोहोचलात आणि नेमकी ओहोटी असली, तर पक्षी लांब चिखलात नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की तेच थवे काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जागेवर हवं.

वेळ काढायला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. द्वादशीला भरती नऊच्या सुमारास. हे ढोबळ झालं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. तक्ता मुंबई बंदराचा असेल तर खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, हे धरून चला. द्वादशी ते चतुर्दशी आम्हाला सर्वांत सोयीची वाटते, कारण ऐरोली-नेरुळच्या काठावरून खाडी पश्चिमेला येते आणि सकाळचं ऊन पाठीशी राहतं. दुपारनंतर तिथून सगळेच पक्षी काळे. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कमी चढतं, थवे लांबच राहतात. उलट मोठ्या उधाणाला चिखल पुरता बुडाला, की नेरुळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत विसाव्याला आलेले पक्षी शोधा.

दुर्बीण 8 बाय 42 ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची. दहापटीची बोटीत फार हलते.

हिवाळी पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परतीला लागतात, पण निघण्याआधी रंग बदलतात आणि ओळख सोपी होते. हिवाळ्यात राखाडी दिसणारा बाकचोच तुतवारा विटेसारखा लाल होतो. कुरवांच्या (सीगलच्या) डोक्यावर तपकिरी टोपी चढते. टोपी दोन जातींना असते, म्हणून डोळा पाहा: प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद. उडताना पहिल्याच्या पंखांची टोकं काळी, त्यात पांढरे ठिपके; दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. रोहितात (फ्लेमिंगोत) चोच बघा. गुलाबी आणि टोकाला काळी, तर मोठा रोहित. जवळजवळ सगळीच गडद लाल, तर छोटा. नुसत्या उंचीवर जाऊ नका. खोल पाण्यात उभा मोठा रोहितही बुटका दिसतो.

थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते नजरेत धरा आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा.

सगळ्यांनी एकदम माना वर केल्या की तिथेच थांबा. आणखी एक पाऊल टाकलंत तर थवा उडतो, लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी फुकट जाते. कुरवांना शेव-गाठ्या तर नकोतच, फोटो कितीही छान येवोत.